मुंबई–न्यूयॉर्क: अंतर एकच, मग जायला सोळा तास आणि यायला साडेचौदा कसे?

मुलाकडे न्यू जर्सीला पहिल्यांदाच निघालेल्या ठाण्या-पुण्याच्या आईवडिलांना दोन शंका हमखास येतात. पहिली तिकीट हातात पडल्यावर: "रात्री दोनला निघून सकाळी साडेसातला पोचतंय, म्हणजे साडेपाचच तास?" दुसरी विमानात, समोरच्या पडद्यावरचा नकाशा बघून: "अहो, अमेरिका तिकडे डावीकडे ना? मग हे वर स्वीडनकडे कुठे निघालं?" मुलं "तसंच असतं, बाबा" म्हणून विषय मिटवतात. त्यांनाही नीट माहीत नसतं, हे त्यामागचं खरं कारण.

इंटरनेटवर शोधलं तर मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर दाखवतात. मोठं जेट विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. भागाकार केला तर उत्तर येतं चौदा तास. पण थेट विमानाला जाताना साधारण सोळा तास लागतात आणि येताना साडेचौदा. ऋतूप्रमाणे हे आकडे हलतात, मात्र जाताना जास्त आणि येताना कमी हा क्रम सहसा मोडत नाही. या हिशेबात भूमिती आहे, वारा आहे आणि राजकारणही आहे.

साडेपाच तासांचा गोंधळ

हा पटकन मिटवू. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतं आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास, कारण तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे घेतात. जानेवारीत रात्री दोनला मुंबई सोडली आणि सोळा तास प्रवास झाला की मुंबईत संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. त्यातून साडेदहा तास वजा करा, सकाळचे साडेसात. परतीला उलट होतं. दुपारी बाराला तिथून निघालात तर साडेचौदा तासांनी मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारचा एक वाजलेला असतो. तिकिटावर पंचवीस तासांचा फरक दिसतो आणि घरचे उगाच धास्तावतात.

सरळ रस्ता नकाशावर वाकडा का दिसतो?

भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये पट्टी ठेवून रेघ मारली, तर ती ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया करत मोरोक्कोतल्या माराकेशजवळून अटलांटिकात उतरते. दिसायला अगदी सरळ. प्रत्यक्षात त्या रेघेवरून उडालात तर सुमारे १४,२०० किलोमीटर होतील, म्हणजे साडेसोळाशे किलोमीटर जास्त. जवळजवळ दोन तासांचा फटका.

दोष पट्टीचा नाही, नकाशाचा आहे. आपण पाहतो तो प्रकार मर्केटरने १५६९ मध्ये खलाशांसाठी तयार केला. त्यावर मारलेल्या सरळ रेघेवर होकायंत्राची दिशा शेवटपर्यंत एकच राहते, आणि खलाशाला तेवढंच हवं होतं. गोल पृथ्वी कागदावर सपाट करताना मर्केटरने ध्रुवांकडचा भाग भरमसाट ताणला. म्हणून तर त्या नकाशावर ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. खरं तर आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे.

आता घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर आणि दुसरं न्यूयॉर्कवर ठेवून घट्ट ताणा. दोरा आपोआप सर्वांत कमी अंतराच्या वाटेवर जाऊन बसेल. या वाटेला ग्रेट सर्कल म्हणतात, आणि शोधल्यावर मिळणारे १२,५५० किलोमीटर तिचेच असतात. मुंबईहून ती जवळपास उत्तरेकडेच निघते: सौराष्ट्र, कच्छ, सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचं पश्चिम टोक, मग जवळजवळ मॉस्कोच्या डोक्यावरून फिनलंड, स्वीडन, नॉर्वे, पुढे आइसलंड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला लागून कॅनडातलं लॅब्राडोर, आणि तिथून खाली न्यूयॉर्क. स्वीडनकडे निघालेलं विमान चुकलेलं नसतं.

या देशांची यादी एकदा पुन्हा वाचा. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. त्याच्याकडे पुढे येऊच.

ताशी ९००, पण कशाच्या हिशेबाने?

विमानाचा वेग मोजला जातो तो भोवतालच्या हवेच्या तुलनेत. आणि हवा स्वतः एका जागी थांबलेली नसते. विमान हवेतून ताशी ९०० किलोमीटरने चाललंय आणि समोरून १०० चा वारा आहे, तर जमिनीवरून पाहणाऱ्याला ते ८०० ने सरकताना दिसेल. वारा पाठीमागून असेल तर १,००० ने. इंजिनाचा जोर तेवढाच, इंधनही तेवढंच जळतंय.

आपल्या अंतराला हे लावून पाहू. पूर्ण वाटेवर सरासरी १०० चा वारा समोरून आला तर १५ तास ४० मिनिटं लागतात. तोच पाठीमागून आला तर साडेबारा तास. इथे कुणी म्हणेल, जाताना गमावलेलं येताना मिळालं, हिशेब चुकता. तसं होत नाही. दोन्ही वेळा जोडल्या तर सव्वाअठ्ठावीस तास होतात आणि वारा अजिबात नसता तर अठ्ठावीसलाही थोडे कमीच लागले असते. कारण उलट वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ काढता आणि सुलट वाऱ्यात कमी. जाण्यायेण्याच्या एकत्र हिशेबात वारा नेहमी थोडा तोट्याचाच.

हा वारा साधासुधा नसतो. जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकी जेट विमानं उडतात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार पट्टे आहेत. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची गरम हवा आणि ध्रुवाकडची थंड हवा यांच्यातल्या फरकामुळे ते तयार होतात, आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्यांना पूर्वेची दिशा मिळते. हिवाळ्यात हा फरक वाढतो आणि पट्टेही जोर धरतात, ताशी २०० किलोमीटर सहज ओलांडतात. म्हणून अमेरिकेला जाणारं विमान जानेवारीत जुलैपेक्षा जास्त रखडतं.

हे वारे नीट मोजणाऱ्यांत पहिलं नाव येतं जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांचं. १९२० च्या दशकात त्यांनी फुगे सोडून निरीक्षणं केली आणि जगाला कळावीत म्हणून ती एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत छापली. जगाने अर्थातच ती वाचली नाहीत. १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बर विमानं जपानवर उंचावरून उडताना याच वाऱ्यात सापडली, तेव्हा कुठे त्यांचा दरारा सगळ्यांना कळला.

पाठीचा वारा काय करू शकतो याचा नमुना ९ फेब्रुवारी २०२० ला दिसला. वादळी हवेत ब्रिटिश एअरवेजचं जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला अवघ्या ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. मग त्याने ध्वनीचा वेग ओलांडला का? नाही. हवेच्या हिशेबाने ते नेहमीच्याच वेगात होतं; हवाच त्याला घेऊन पळत होती.

विमान कंपन्यांची माणसं म्हणूनच जमिनीवरच्या किलोमीटरपेक्षा हवेत किती तास काढावे लागतील ते बघतात. उत्तर अटलांटिकवरच्या वाटा तर रोज नव्याने आखल्या जातात, युरोपकडे येणाऱ्यांना पट्ट्याचा फायदा मिळेल आणि अमेरिकेकडे जाणाऱ्यांना तो चुकवता येईल अशा.

याचं सर्वांत सुरेख उदाहरण आपल्याच देशातलं आहे. एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा सुरू केली तेव्हा विमान पश्चिमेला, युरोप आणि अटलांटिकवरून जायचं: सुमारे १३,९०० किलोमीटर, सोळा तासांहून जास्त. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी जाण्याची दिशाच फिरवली आणि विमान पूर्वेला, पॅसिफिकवरून नेलं. वाट १५,३०० किलोमीटर झाली, म्हणजे चौदाशे किलोमीटर लांब. वेळ मात्र साडेचौदा तासांवर आला. वारा सगळा पाठीशी होता.

पृथ्वी फिरतेच आहे, मग वर नुसतं थांबलं तर?

ही शंका शाळकरी मुलांइतकीच मोठ्यांनाही येते, फक्त मोठे विचारत नाहीत. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मुंबईच्या अक्षांशावर ताशी जवळपास १,६०० किलोमीटर वेगाने. मग विमानाने वर जाऊन नुसतं थांबायचं, अमेरिका आपोआप खाली येईल!

धावत्या डेक्कन क्वीनच्या डब्यात चेंडू वर उडवला तर तो मागच्या डब्यात जाऊन पडत नाही, हातातच येतो. कारण चेंडू, तुम्ही आणि डब्यातली हवा सगळे गाडीच्या वेगानेच चाललेले असता. पृथ्वीचं वातावरणही पृथ्वीसोबत फिरतं आणि विमान धावपट्टीवर उभं असतानाच तो वेग त्याच्या अंगात असतो. त्यामुळे फिरण्याचा फायदाही नाही आणि तोटाही नाही. जाण्यायेण्यातला फरक पडतो तो फक्त वाऱ्यामुळे.

आकाशालाही कुंपण असतं

१९४४ च्या शिकागो कराराने एक गोष्ट पक्की केली: प्रत्येक देशाचा आपल्या भूमीवरच्या आकाशावर संपूर्ण हक्क. त्या हवाई हद्दीतून जायचं तर परवानगी लागते आणि वर शुल्कही भरावं लागतं. परवानगी नाकारली की दोरा गोलावर कितीही सुंदर बसलेला असो, त्याचा उपयोग शून्य.

बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ ला पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली, ती पूर्ण उघडली १६ जुलैला. जुलैच्या सुरुवातीपर्यंत एअर इंडियाचं त्यापायी ४९१ कोटी रुपयांचं नुकसान झालं होतं, असं सरकारने संसदेत सांगितलं. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ ला भारतीय विमानांना पुन्हा बंदी झाली आणि मग ती महिन्यामहिन्याने वाढवली गेली. आठवड्याभरात भारतानेही पाकिस्तानी विमानांना तीच वागणूक दिली.

या बंदीचा मार दिल्लीला जास्त बसला, मुंबईला कमी. मुंबईच्या दाराशी समुद्र आहे. विमान अरबी समुद्रावरून ओमानकडे जातं, तिथून आखात, इराण किंवा इराक, तुर्कस्तान आणि युरोप. एवढ्या लांबच्या वाटेत मधे थोडं बाजूला सरकलं तरी एकूण अंतर फार वाढत नाही. इस्तंबूलवरून मुंबई–न्यूयॉर्क मोजा, सुमारे १२,९०० किलोमीटर भरतं. म्हणजे साडेतीनशेचीच वाढ. दिल्लीच्या विमानाला मात्र उत्तर-पश्चिमेला जायचं असून आधी दक्षिणेला गुजरातकडे वळावं लागतं. एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली–वॉशिंग्टन सेवा थांबवली, तेव्हा विमानांच्या दुरुस्तीबरोबर हेही कारण दिलं होतं.

इथे वेळेपेक्षा मोठा प्रश्न वजनाचा होतो. बोइंग ७७७ सारखं विमान तासाला सात-आठ टन इंधन पितं. एक तास वाढला तर तेवढं इंधन आधीच भरून घ्यायचं, आणि ते इंधन वाहून न्यायला आणखी इंधन. मग माल कमी घ्या, जागा रिकाम्या सोडा किंवा मधे कुठेतरी उतरून टाकी भरा. २०२५ मध्ये एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्को–मुंबई विमान त्यासाठी कोलकात्याला थांबत होतं. अमेरिकेहून मुंबईला व्हाया कोलकाता, हे आधीच्या पिढीला सांगितलं असतं तर हसले असते.

रशियाचं प्रकरण याहून मोठं आहे. २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या विमानांना रशियाचं आकाश बंद झालं. फिनलंडच्या फिनएअरला हेलसिंकी–टोकियोसाठी साडेनऊऐवजी तेरा तास लागू लागले. अमेरिकेच्या युनायटेडने त्याच वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्कशेजारच्या न्यूअर्कहून मुंबईला येणारं विमान थांबवलं. एअर इंडियाला मात्र रशियाने अडवलं नाही. त्याचीही किंमत असते. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं तिचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेतल्या मगादानला उतरलं आणि दोनशेहून अधिक प्रवाशांना तिथे दुसरं विमान येईपर्यंत मुक्काम करावा लागला.

आणि कधीकधी विमान हवेत असतानाच वाट बंद होते. १३ जून २०२५ ला इस्रायलने इराणवर हल्ला केला आणि इराणचं आकाश मिटलं. मुंबईहून न्यूयॉर्कला आणि लंडनला निघालेली एअर इंडियाची विमानं मुंबईलाच परत फिरली. न्यूयॉर्कहून मुंबईला येणारं जेद्दाहला उतरलं.

जरा जोरात का चालवत नाहीत?

ध्वनीच्या वेगाच्या साधारण ८५ टक्क्यांवर आजची विमानं उडतात. त्यापुढे ढकलायला गेलं की हवेचा विरोध एकदम वाढतो आणि इंधनाचा खर्च वेळेच्या बचतीच्या कितीतरी पुढे पळतो. ध्वनीच्या दुप्पट वेगाचं कॉन्कॉर्ड १९७६ ते २००३ प्रवाशांना घेऊन उडालं, पण एका टाकीत ते अटलांटिक जेमतेम ओलांडायचं. मुंबई–न्यूयॉर्क त्याच्या आवाक्यातच नव्हतं.

खरी प्रगती वेगात झालीच नाही. एअर इंडियाची १९६० ची बोइंग ७०७ विमानं जवळपास आजच्याच वेगाने उडायची, पण लंडनला थांबून न्यूयॉर्क गाठायची. मुंबई–न्यूयॉर्क थेट विमान सुरू व्हायला १ ऑगस्ट २००७ उजाडावं लागलं. सत्तेचाळीस वर्षांत विमान वेगवान झालं नाही, त्याचा दम वाढला.

तिकिटावरची वेळ नेमकी कुठपासून कुठपर्यंत?

त्यात उडण्याचा वेळ तर असतोच. शिवाय गेटवरून विमान मागे ढकलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा सगळा वेळ धरलेला असतो. याला ब्लॉक टाइम म्हणतात. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी बहुधा एकच वापरात असते आणि तिथे रांग लागते. न्यूयॉर्कलाही गर्दीच्या वेळी रांग असते. कंपन्या हे सगळं गृहीत धरून थोडा वेळ चढवूनच छापतात. "आपण पंचवीस मिनिटं लवकर पोचलो" अशी घोषणा होते, ती बऱ्याचदा याच्याच जिवावर.

दुबई किंवा लंडनहून गेलं तर लांब पडतं का?

किलोमीटरमध्ये जवळजवळ नाहीच. मुंबई–दुबई सुमारे १,९३० आणि दुबई–न्यूयॉर्क ११,०२० किलोमीटर, मिळून १२,९५०. लंडनहून गेलात तर ७,२०० अधिक ५,५५०, म्हणजे १२,७५०. थेट वाटेपेक्षा फक्त दोनशे जास्त. ही शहरं वाटेवरच आहेत असं म्हणायला हरकत नाही. वेळ जातो तो जमिनीवर: उतरणं, सुरक्षा तपासणी, पुढच्या विमानाची वाट पाहणं, पुन्हा चढणं. दीड तासाचा थांबा कागदावर छान दिसतो, पण जानेवारीच्या वाऱ्यात पहिलं विमान चाळीस मिनिटं उशिरा आलं की पळापळ ठरलेली.

बरोबर वयस्कर माणसं असतील आणि व्हीलचेअर सांगितली असेल तर तीन तासांपेक्षा कमी थांब्याचं तिकीट घेऊ नका, आणि दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर आहेत ना ते बघून घ्या. एकाच तिकिटावर असले तर पुढचं विमान चुकल्यास दुसऱ्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची असते. वेगवेगळी काढली असतील तर ती तुमची. थेट विमान घेणार असाल तर वेळापत्रकाच्या भरवशावर न राहता त्या विमानाचा क्रमांक फ्लाइटरडार२४ सारख्या वेबसाइटवर टाकून मागच्या आठवड्यात ते रोज प्रत्यक्ष कधी पोचलं ते पाहा, आणि न्यायला येणाऱ्याला ती वेळ कळवा.